निसर्ग आणि समाज : रोहिणीपासून नर्मदेपर्यंत

‘पर्यावरण’ हा शब्द आज सर्वांच्या ओठांवर आहे. दरवर्षी ५ जूनला शाळाशाळांतून वृक्षारोपण होते, घोषणा दिल्या जातात, निबंध लिहिले जातात. विद्यार्थ्याला विचारले की निसर्ग का बिघडला, तर तो ठरलेले उत्तर देतो : माणसाने झाडे तोडली म्हणून. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कोणत्या माणसाने तोडली? कोणासाठी तोडली? तोडल्याचा लाभ कोणाला झाला आणि चटका कोणाला बसला? हे प्रश्न आपण विचारत नाही. कारण ‘माणूस’ हा एकच शब्द वापरला की सावकार आणि सालदार, धरणाचा लाभधारक आणि धरणाचा विस्थापित, हे सगळे एका रांगेत उभे राहतात आणि दोषही सर्वांच्या माथी सारखाच वाटला जातो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. माणूस आणि निसर्ग यांच्यात सरळ नाते नसते. दोघांच्या मध्ये समाज उभा असतो. समाजात माणसे एकमेकांशी जशी वागतात, तशीच ती पाण्याशी, जमिनीशी आणि जंगलाशी वागतात. म्हणून निसर्गाचा प्रश्न हा शेवटी वाटपाचा प्रश्न आहे, आणि वाटप करायला कोण बसले होते, हा त्यातील पहिला प्रश्न आहे. हा विचार आपल्या जिल्ह्याच्या आणि आपल्या धम्माच्या आधाराने तपासून पाहावा, यासाठी हा लेख.

१. आपला जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि त्यांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जमाती. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या दक्षिणेला तापीचे काळ्या मातीचे खोरे.

नकाशावर हे तीन पट्टे वेगळे दिसतात, परंतु निसर्गाने ते एकत्र बांधले आहेत. सातपुड्याच्या उतारावर पडलेला पाऊस डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या आणि वाळूच्या जाड थरात मुरतो आणि तेथून सपाटीच्या विहिरींना झिरपत जातो. डोंगरावर झाडोरा असेल तर पाणी थबकते आणि मुरते. डोंगर उघडा असेल तर तेच पाणी माती घेऊन गोमाईसारख्या नद्यांतून तापीला मिळते आणि समुद्राला जाते. म्हणजे शहादा-तळोद्याच्या केळीला, उसाला आणि पपईला मिळणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा वर डोंगरात राहणाऱ्या भिल्ल-पावरा बांधवांच्या जंगलात राखला जातो.

निसर्गाने असे एकत्र बांधलेल्या माणसांना समाजाने मात्र वेगळे केले. ज्यांच्या डोंगरात पाणी मुरते, त्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. खाली पाणी आहे, पण त्यात त्यांचा वाटा नाही. हीच आपल्या अभ्यासाची सुरुवात आहे.

२. रोहिणीचे पाणी

शाक्य आणि कोलीय या दोन गणराज्यांच्या सीमेवर रोहिणी नदी होती. दोघांचीही शेते तिच्या पाण्यावर पिकत. पाणी कमी पडले की आधी कोणी घ्यायचे यावरून भांडण होई आणि सेवकांपासून सुरू झालेले भांडण शस्त्रांपर्यंत जाई. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच तंट्यात दाखवले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत प्रथम पाहून राजपुत्र घर सोडतो, ही रूढ कथा बाबासाहेबांच्या चिकित्सक बुद्धीला पटली नाही. त्यांच्या मांडणीप्रमाणे शाक्य संघाने कोलीयांविरुद्ध युद्धाचा ठराव आणला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या स्वीकारली.

येथे विद्यार्थ्यांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. सिद्धार्थाने नुसते ‘युद्ध नको’ असे म्हटले नाही, पर्याय दिला. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलीयांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. म्हणजे पाण्याच्या वाटपाला दोन्ही काठांची माणसे सारख्या संख्येने बसली पाहिजेत. एका काठाने ठरवायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, असा तो न्याय नव्हता.

३. साठवणूक आणि संयम

दीघ निकायात ‘अग्गञ्ञ सुत्त’ आहे. त्यात समाज कसा घडला याची कथा येते. आरंभी भात आपोआप उगवत असे. संध्याकाळी कापावा तर सकाळी पुन्हा तयार. मग कोणा एकाला वाटले की रोज दोनदा कशाला जायचे, एकदाच दोन वेळचा आणावा. दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, तिसऱ्याने चार दिवसांचा, चौथ्याने आठ दिवसांचा. साठवण सुरू झाली आणि भाताला कोंडा आला, कापलेली जागा पुन्हा उगवेनाशी झाली. मग शेतांना बांध पडले, चोरी आली, खोटे बोलणे आले, मारहाण आली, आणि शेवटी लोकांनी आपल्यातून एक राजा निवडला.

ही कथा आहे, वनस्पतिशास्त्राचा पाठ नव्हे. पण तिचे म्हणणे आजही लागू पडते. निसर्ग आटण्याचा आरंभ गरजेतून झाला असे ती सांगत नाही. तो लोभातून झाला असे सांगते, आणि निसर्ग बिघडताच समाजही बिघडतो असे दाखवते.

विनयातील नियमही पाहण्यासारखे आहेत. वर्षावास का सुरू झाला? पावसाळ्यात भिक्खू फिरताना हिरवे गवत तुडवतात आणि बारीक जीव मारतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तथागतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. जमीन खणणे आणि झाडेझुडपे तोडणे हे भिक्खूंसाठी दोष मानले गेले. पाण्यात किंवा हिरवळीवर थुंकू नये, मलमूत्र करू नये, असाही नियम आहे. सम्राट अशोकाने हाच विचार राज्यकारभारात आणला. रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, विनाकारण जंगले जाळण्यास मनाई केली. हे सारे त्याने शिलालेखांत आणि स्तंभलेखांत कोरून ठेवले आहे. त्याची सावली आणि पाणी वाटसरूची जात विचारून मिळत नव्हते, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

४. चवदार तळे

पुढे मात्र याच देशात पाण्यालाही जात चिकटली. आमचे वडील तापीकाठच्या एका खेड्यातले. ते सांगत की नदी एकच, पण पाणवठे दोन. वरचा गावाचा, खालचा आपला. वर गुरे धुतली जात आणि ते पाणी वाहत खाली येई, तेच आपल्या बायका हंड्यात भरत. नदीने हा भेद केला नव्हता. पाणी तिथे भरपूर होते. तुटवडा निसर्गाने केलेला नव्हता, माणसांनी केलेला होता.

म्हणून २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह हा पर्यावरणाच्या अभ्यासातही शिकवला पाहिजे असे आम्हांस वाटते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर तळे खुले होते, प्रत्यक्षात बंद होते. जनावरे त्याचे पाणी पीत, माणसे पिऊ शकत नव्हती. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि नंतर सनातन्यांनी ते तळे गोमूत्र, शेण वगैरे ओतून ‘शुद्ध’ केले! खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. निसर्गाने दिलेली वस्तू सर्वांची असते, हे ठरायला कायदा, लढा आणि कोर्ट लागले.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबासाहेब पाण्याकडे केवळ हक्क म्हणून पाहत नव्हते, संपत्ती म्हणूनही पाहत होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला दिशा दिली आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पाया १९४५ साली त्यांच्याच काळात घातला गेला. नद्यांचे पाणी ही आपत्ती नाही, ते अडवून वापरावे, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा बाबासाहेबांचे नाव घेऊन ‘धरणेच नकोत’ असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याने चवदार तळ्यावर समतेचा प्रश्न विचारला, त्याचे नाव घेऊन धरणाच्या वाटपात तो प्रश्न गाळताही येणार नाही.

५. नर्मदा

आता आपल्या उत्तर सीमेकडे वळू. नर्मदा महाराष्ट्राला सुमारे ५४ किलोमीटर स्पर्श करते, तो सारा काठ अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा. नर्मदेच्या पाण्यासाठी राज्याराज्यांत तंटा झाला, तेव्हा १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली १९६९ साली लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा आला. २८ दशलक्ष एकर-फूट पाणी धरून मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असे वाटप झाले. सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७ आणि गुजरात १६ टक्के.

ही रोहिणीच्या पाच जणांच्या सभेसारखीच व्यवस्था वाटते. युद्ध टळले, लवाद बसला, हे चांगलेच झाले. मात्र एक फरक आहे. रोहिणीच्या तंट्यात ज्यांची शेते काठावर होती तेच बसणार होते. नर्मदेच्या लवादात राज्ये बसली. ज्यांची घरे पाण्याखाली जाणार होती त्या महाराष्ट्रातील ३३ गावांचा, मणिबेलीचा किंवा धडगावकडच्या पाड्यांचा माणूस तिथे पक्षकार नव्हता. त्याच्यासाठी इतरांनी ठरवले.

निवाड्यात विस्थापितांसाठी चांगली तरतूदही होती, ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन आणि बुडण्यापूर्वी पुनर्वसन, हे तत्त्व त्यात होते. परंतु ती तरतूद कागद असलेल्या खातेदाराला धरून होती. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्यांच्या नावावर सातबारा नव्हता. सरकारी दफ्तरात ते ‘अतिक्रमणदार’ होते. १९९१ साली जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात हे नेमके दाखवून दिले. १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज घेणे थांबवले. लढे झाले, जलसमर्पणाचे निर्धार झाले, डोंगरात आंदोलनाच्या जीवनशाळा निघाल्या. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले.

त्या पाण्याने कच्छ-सौराष्ट्रातील तहानलेल्यांची तहान भागली, हेही खरे आहे. तहानलेल्याला पाणी मिळाले याचे दुःख कोणा बौद्धाला होणार नाही. दुःख याचे की ज्यांनी घर, शेत, नदीतील मासळी आणि पूर्वजांची थडगी दिली, त्यांना आपल्याच त्यागाचा हिशेब मांडायला चार दशके कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

६. जंगल आणि कागद

आम्ही बँकेत कारकून आहोत. आमचा दिवस कागदांत जातो, म्हणून कागदाचे बळ आम्हांस ठाऊक आहे. सातबारा आहे तर पीककर्ज आहे. सातबारा नाही तर माणूस कितीही कष्टाळू असो, खिडकीवरून परत जातो. असे परत गेलेले अनेक चेहरे आम्ही पाहिले आहेत आणि नियमापुढे मान खाली घालून पुढचे नाव पुकारले आहे.

हा कागद नाहीसा कसा झाला? १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी इंग्रज सरकारने जंगल सरकारी ठरवले. रेल्वेसाठी साग हवा होता. जंगलात राहणारा त्याच जंगलात गुन्हेगार झाला. सपाटीवर वेगळीच गत. शहादा-तळोदा भागात कर्जापायी आदिवासींच्या जमिनी इतरांकडे गेल्या. त्याविरुद्ध १९७० च्या दशकारंभी अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते आणि श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ साली केला.

पुढे २००६ चा वन हक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्क मिळाला. इतर पारंपरिक वननिवासींनाही मिळाला, मात्र त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आपल्या समाजाची जी कुटुंबे वनालगत राहतात, त्यांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

या काळात एक वृद्ध गृहस्थ डोंगरातून आमच्या खिडकीशी आले होते. पिशवीत कापडात बांधलेल्या जुन्या पावत्या होत्या. आम्हांला वाटले भरण्याच्या पावत्या असतील. पाहतो तर वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाच्या! त्यांना झेरॉक्स कुठे काढून मिळेल एवढेच विचारायचे होते. ज्या कागदाने त्यांच्या वडिलांना गुन्हेगार ठरवले, तोच कागद आता जमीन कसत असल्याचा पुरावा म्हणून जोडायचा होता. आम्ही त्या दिवशी कायद्याबद्दल जे शिकलो, ते पदवीच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

जंगल माणसांच्या हाती दिले तर ते संपेल, अशी भीती घातली जाते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आदिवासी गाव पाहावे. १९९० च्या दशकात गावकऱ्यांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदीचे नियम स्वतः केले, स्वतः पाळले आणि सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. आपल्या धडगाव भागातही बायफ संस्थेच्या साहाय्याने शेतकऱ्यांनी मका आणि ज्वारीचे जुने वाण राखून बियाण्यांची बँक उभी केली आहे. सातपुड्यात ‘लाह’ची रीत आहे. एकाच्या शेतावर सारा पाडा कामाला येतो, मजुरी नाही, उद्या तो दुसऱ्याकडे जातो. जिथे माणसे अशी एकमेकांना धरून असतात, तिथे जंगलही टिकते.

७. आपल्या बाजूचे काय?

येथवर दोष इतरांचा सांगितला. आता स्वतःकडे पाहू. आमच्या खिडकीवर विहिरीच्या कर्जाला आलेला बाप आम्ही पाहिला आहे आणि काही वर्षांनी बोअरच्या कर्जाला आलेला त्याचाच मुलगाही. विहीर हाताने खणलेली, तिचा तळ दिसायचा. पाणी कमी झाले की डोळ्यांना कळायचे आणि हात आखडता घेतला जायचा. बोअरचा तळ कोणाला दिसत नाही. शेजाऱ्याने खोल नेली की आपली त्याहून खोल. हे अग्गञ्ञ सुत्तातलेच दोन दिवसांचे, चार दिवसांचे, आठ दिवसांचे भात नव्हे काय? कर्जाचा अर्ज आम्हीच भरून घेतला. तेव्हा या साठवणुकीत आमचीही सही आहे.

आपल्या वस्त्यांतही नळाला तोटी नसते, पाणी वाहते. विहाराच्या आवारात जयंतीला लावलेले रोप वर्षावासापर्यंत जगले की नाही, हे कोणी पाहत नाही. वंचित असणे म्हणजे आपोआप जबाबदार असणे नव्हे. हक्क मागणाऱ्याने राखणही शिकली पाहिजे.

८. काय करता येईल?

मोठ्या गोष्टी सोडून चार सांगतो. पहिली, ग्रामसभेला जावे. पेसा कायदा १९९६ चा आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला त्याने अधिकार दिले आहेत, पण रिकाम्या सभेला अधिकार असून उपयोग नाही. दुसरी, पाण्याची योजना आली की दोन प्रश्न विचारावेत : शेवटच्या घराला किती मिळणार, आणि ठरवायला त्या घरातले कोण होते? तिसरी, विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीच्या पाण्याचा हिशेब एक वर्षभर वहीत लिहावा. कोणत्या महिन्यात किती दिवसांनी पाणी आले, हे लिहिलेले असले की अर्जाला वजन येते. चौथी, डोंगरातल्या आदिवासी बांधवांशी नाते जोडावे. त्यांचा जंगलाचा प्रश्न आणि आपला पाणवठ्याचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीत.

रोहिणीकाठी तथागतांनी जो मार्ग सांगितला, तो अडीच हजार वर्षांनंतरही साधा आहे : ज्यांचे जगणे त्या पाण्यावर आहे, त्यांना वाटपाच्या जागी बसवा. तोवर झाडे जरूर लावावीत, पण एवढ्याने पर्यावरण सुधारले असे समजू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रोहिणीच्या तंट्यातील सिद्धार्थाचा प्रस्ताव आणि नर्मदा लवाद यांत साम्य व फरक कोणते?
२. तुमच्या गावात ५० वर्षांपूर्वी किती पाणवठे होते आणि ते कोणाकोणाचे होते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. विहीर आणि बोअर यांचा माणसाच्या स्वभावावर काय परिणाम होतो? आपले मत मांडा.
४. वस्तीत लावलेल्या पाच झाडांची नोंद करा : कोणी लावले, पाणी कोण घालते, आज जिवंत आहे काय?